मोजल्याशिवाय न खोलणारे दुकान : उद्यमनगरातील एका ऑटो इलेक्ट्रिशियनच्या कामाविषयी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, लेथच्या घरघरीत आणि लोखंडाच्या किसाच्या वासात, जेमतेम एक गाडी मावेल एवढ्या पत्र्याच्या शेडमध्ये हे दुकान आहे. पाटीवर दुकानाचे नाव नाही. ‘ऑटो इलेक्ट्रिशियन – सेल्फ, डायनॅमो, वायरिंग, बॅटरी’ एवढीच अक्षरे आहेत आणि त्यातलीही काही उन्हाने उडाली आहेत. दुकान चालवणारे मिस्त्री साठीच्या घरात आहेत आणि सारा परिसर त्यांना मामा म्हणतो. हातात आहे तेच काम वेळेवर उरकत नाही, तेव्हा नाव आणि नंबर कुठे लिहू नका, अशी त्यांनी मला स्पष्ट विनंती केली असल्याने मी ती पाळते आहे. पण त्यांची काम करण्याची पद्धत सविस्तर लिहिण्यासारखी आहे, कारण गाडीतला विजेचा दोष शोधणे म्हणजे काय, हे मला त्यांच्याकडे दोन दिवस बसल्यावरच कळले.

आमची गाडी २०१४ सालची, पेट्रोलवरची लहान हॅचबॅक आहे. माझ्या सासऱ्यांना दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सात वाजता डायलिसिससाठी न्यावे लागते, त्यामुळे त्या दोन सकाळी गाडी चालू होणे ही आमच्या घरात सोयीची नव्हे तर निकडीची बाब आहे. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर तिने दगा द्यायला सुरुवात केली. शुक्रवारी ती कण्हत-कुंथत का होईना चालू व्हायची, पण मंगळवारी किल्ली फिरवली की नुसता ‘टक’ असा आवाज येऊन सगळे ढिम्म. शेजारच्या मुलांना उठवून धक्का मारायचा, नाहीतर रिक्षा शोधायची, असे सलग पाच आठवडे चालले. शिवाय ब्रेक दाबला की मागचा डावा इंडिकेटर मंद पेटायचा, आणि रात्री सेल्फ मारताना डॅशबोर्डवरचे सगळे दिवे क्षणभर विझून परत यायचे.

मामांकडे पोहोचण्याआधी आम्ही तीन ठिकाणी जाऊन आलो होतो. पहिल्या ठिकाणी बॅटरी खराब असल्याचे सांगून ४,२०० रुपयांना नवी बसवण्यात आली. ती चार महिन्यांत बसली, तेव्हा वॉरंटीत दुसरी मिळाली आणि तिचीही तीच गत होऊ लागली. दुसऱ्या ठिकाणी डायनॅमो चार्जिंग करत नसल्याचे निदान झाले आणि ९,५०० रुपयांचा अंदाज हातात पडला. तिसऱ्या ठिकाणी स्कॅनर लावून पडद्यावरचे कोड दाखवले गेले आणि गाडीचा कंप्युटरच बदलावा लागेल असे सांगण्यात आले. या तिन्ही ठिकाणी मिळून गाडीला मीटरची पिन लावलेली मी पाहिली ती फक्त दोनदा: एकदा बॅटरीच्या दोन खांबांवर, म्हणजे टर्मिनलवर, आणि एकदा इंजिनाच्या एका केबलवर. कोणाच्या हेतूबद्दल मला शंका घ्यायची नाही. पण न मोजता भाग बदलण्याचा खर्च शेवटी गिऱ्हाइकाच्याच खिशातून जातो, हे मात्र नोंदवले पाहिजे.

मामांनी गाडीला हात लावण्याआधी मला लाकडी स्टुलावर बसवून प्रश्न विचारले. गाडी कोणत्या वारी बंद पडते, आदल्या दिवशी किती चालली होती, पाऊस होता का, गेल्या वर्षभरात गाडीत नवे काय बसवले, कुठे ठोकली होती का, डेंटिंग-पेंटिंग झाले का. सर्वांत पहिला प्रश्न मात्र वेगळाच होता: “ताई, गाडी पुरात हुती का?” ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही वेळी पंचगंगेचे पाणी शहरात शिरले आणि कितीतरी गाड्या त्यात उभ्या होत्या. अशी गाडी धुऊन, वाळवून, पॉलिश करून बाहेरून नवी दिसते, पण गालिच्याखालून जाणाऱ्या वायरिंगच्या कपलरमध्ये, म्हणजे तारांच्या जोडांमध्ये, राहिलेला गाळमिश्रित ओलावा पितळेच्या पिना हळूहळू खात राहतो आणि दोष सहा-आठ महिन्यांनी, कधी वर्षाने डोके वर काढतो. जुनी गाडी घेताना सीटखालचा गालिचा उचलून बघायचा आणि सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच्या तळाच्या भागावर चिखलाची रेघ आहे का ते पाहायचे, हे त्यांनी त्या ओघात सांगितले. आमची गाडी पुरात नव्हती. पण दोन गोष्टी मला आठवल्या: धाकट्या दिरांनी हौसेने सीटखाली अ‍ॅम्प्लिफायर बसवून घेतला होता, आणि दीड वर्षापूर्वी पुढून लागल्यामुळे गाडीच्या नाकाचे रंगकाम झाले होते. या दोन्ही गोष्टी मामांनी एका वहीत लिहून घेतल्या, आणि पुढे आमच्या मुख्य दोषांचे मूळ त्या दोन ओळींतच निघाले.

मग मोजणी सुरू झाली. बॅटरी रात्रभर चार्जरवर ठेवून सकाळी, तासभर विश्रांती दिल्यानंतर, तिच्या खांबांवर १२.६ व्होल्ट भरले. शिशाच्या बॅटरीत सहा कप्पे असतात आणि प्रत्येक कप्पा सुमारे २.१ व्होल्ट देतो, त्यामुळे पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते, १२.२ म्हणजे साधारण अर्धी रिकामी, आणि १२ च्या खाली गेली म्हणजे उतरलीच. इंजिन चालू केल्यावर त्याच खांबांवर १४.२ व्होल्ट आले, हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर लावूनही आकडा १३.९ च्या खाली गेला नाही. साडेनऊ हजारांचा डायनॅमो बदलण्याची गरज नव्हती, हे या दोन मिनिटांच्या मोजणीत सिद्ध झाले.

स्कॅनर मामांकडेही आहे आणि तो त्यांनी लावलाही. एप्रिल २०१३ पासून आपल्याकडच्या नव्या मोटारींना ओबीडी-२ ही, गाडीने स्वतःचे दोष कोडच्या रूपात नोंदवण्याची, प्रणाली बंधनकारक झाली, त्यामुळे आमच्या गाडीत स्टिअरिंगखाली तो सोळा पिनांचा सॉकेट आहेच. पडद्यावर तेच कोड आले जे तिसऱ्या ठिकाणी आले होते: त्यातला पी ०५६२ हा ‘व्होल्टेज कमी’ असा होता, आणि बाकीचे दोन कोड गाडीतली मॉड्यूल, म्हणजे वेगवेगळी कामे सांभाळणारे छोटे कंप्युटर, एकमेकांशी बोलत नसल्याचे. मामांचे म्हणणे असे की बॅटरी उतरलेली असताना सेल्फ मारला की व्होल्टेज इतके खाली येते की मॉड्यूल अर्धवट बंद पडतात आणि एकमेकांविरुद्ध तक्रारी नोंदवून ठेवतात. कोड ही तक्रारदाराची जबानी आहे, गुन्हेगाराचे नाव नव्हे. त्यांनी सगळे कोड वहीत उतरवून घेतले, पुसून टाकले, आणि दुरुस्ती झाल्यावर पुन्हा पाहू असे सांगितले. दुरुस्तीनंतर त्यातला एकही परत आला नाही. कंप्युटर बदलण्याचा सल्ला आम्ही मानला असता तर काय झाले असते, याचा विचार आजही मला अस्वस्थ करतो.

बंद गाडी बॅटरीतून किती वीज ओढते, हे मोजण्याची त्यांची पद्धत मी बारकाईने पाहिली. गाडीची किल्ली काढली, काचा वर घेतल्या, ड्रायव्हरच्या बाजूचे दार उघडे ठेवून त्याच्या लॉकचा आकडा स्क्रूड्रायव्हरने फिरवला, म्हणजे गाडीला दार बंदच असल्यासारखे वाटते आणि आतला दिवा विझतो, पण फ्यूजच्या डब्यापर्यंत हात पोहोचतो. मीटर बॅटरीची मायनस केबल आणि खांब यांच्या मधोमध जोडायचा असतो. मात्र केबल सरळ उपटून काढली तर सगळ्या मॉड्यूलचा पुरवठा तुटतो, परत जोडताना ती नव्याने जागी होतात, आणि एखादे मॉड्यूल झोपत नसल्यामुळे वीज जात असेल तर तो दोष त्या झटक्यात तात्पुरता नाहीसा होतो. म्हणून त्यांनी आधी केबल आणि खांब एका जाड वायरने जोडून ठेवले, मग केबल काढली, मीटर १० अँपिअरच्या भोकात पिन घालून लावला, आणि सर्वांत शेवटी ती जाड वायर सोडली. मीटर असा लावलेला असताना कोणी चुकून सेल्फ मारला तर मीटरमधला फ्यूज त्याच क्षणी जातो, म्हणून किल्ली त्यांनी स्वतःच्या खिशात टाकली.

सुरुवातीला आकडा दोन अँपिअरच्या वर होता. मी घाबरले, पण गाडी बंद केल्यावर काही मिनिटे तिचे मॉड्यूल जागेच असतात, तेव्हा घाई करायची नाही, असे त्यांनी सांगितले आणि ते दुसऱ्या एका रिक्षाचा हॉर्न दुरुस्त करायला गेले. काही गाड्यांना पुरते झोपायला अर्धा-पाऊण तास लागतो. दहा मिनिटांनी आकडा ०.९ वर आला, आणि अर्ध्या तासाने ०.४२ वर येऊन तिथेच थांबला. निरोगी गाडीत हा आकडा ०.०२ ते ०.०५ च्या दरम्यान असावा लागतो, घड्याळ, रेडिओची मेमरी आणि कंप्युटरच्या आठवणीपुरता. आमची गाडी त्याच्या निदान आठपट वीज झोपेत पीत होती.

इथे मामांनी खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने जो हिशेब मांडला तो मी घरी आणून जपून ठेवला आहे. ०.४२ अँपिअर गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला दहा अँपिअर-तास. आमची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. बुधवारी संध्याकाळी मुलीला क्लासला नेण्यासाठी गाडी निघते आणि थोडी चार्ज होते, त्यामुळे शुक्रवारी सकाळपर्यंत पंधराएक अँपिअर-तास जातात आणि गाडी कशीबशी सुटते. शुक्रवार दुपार ते मंगळवार सकाळ मात्र सुमारे ९० तास होतात, म्हणजे जवळजवळ ३८ अँपिअर-तास. बॅटरीत आहेत त्याहून जास्त. पाच आठवडे ज्याला आम्ही मंगळवारचे दुर्दैव समजत होतो ते इतके साधे गुणाकार होते. अशा रीतीने वारंवार तळाला गेलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा कठीण थर बसत जातो आणि तिची साठवण्याची ताकदच कमी होते. आमच्या पहिल्या बॅटरीने चार महिन्यांत मान टाकली ती त्यामुळे. बॅटरी हा आजार नव्हता, ती त्या आजाराची बळी होती.

वीज जाते हे कळले, पण कुठून? सर्वसाधारणपणे एकेक फ्यूज उपटत जातात आणि मीटरवरचा आकडा कधी पडतो ते पाहतात. मामा तसे करत नाहीत, कारण फ्यूज काढून परत घातला की त्या वाटेवरचे मॉड्यूल पुन्हा जागे होते आणि अर्ध्या तासाची वाट पाहणे वाया जाते. ते फ्यूज जागेवरच ठेवतात आणि त्याच्या पाठीवर दिसणाऱ्या दोन धातूच्या टिंबांवर मीटरच्या पिना टेकवून मिलिव्होल्ट मोजतात. फ्यूजची पट्टी म्हणजे अगदी लहानसा रोध, विजेच्या वाटेतला अडथळाच. त्यातून वीज वाहत असेल तर दोन टोकांत अत्यल्प का होईना फरक पडतोच, आणि वाहत नसेल तर शून्य. डॅशबोर्डखालचा आणि बोनेटमधला असे दोन्ही डबे त्यांनी दहा मिनिटांत तपासले. दोन फ्यूजवर नगण्य आकडे आले, बाकी सगळीकडे शून्य. मला वाटले, शोध फसला. मामांचा चेहरा मात्र उजळला. “डब्यातनं जातच न्हाई, ताई. वाट भायेरची हाय.”

फ्यूजच्या डब्याला वळसा घालून जाणारी वाट म्हणजे कंपनीने न दिलेली, नंतर कोणीतरी जोडलेली केबल. बॅटरीच्या प्लस टर्मिनलवर मूळ नट-बोल्टखाली एक जाड लाल केबल दाबलेली होतीच, सीटखालच्या अ‍ॅम्प्लिफायरकडे जाणारी. त्यांनी त्या एकट्या केबलभोवती क्लॅम्प मीटरचा जबडा लावला: ०.४. मग मला म्हणाले, सीटखाली हात घालून बघा. आदल्या संध्याकाळपासून म्युझिक सिस्टिम बंद होती, तरी तो धातूचा डबा कोमट लागला. साडेबारा व्होल्टला ०.४ अँपिअर म्हणजे पाच वॅट, एखाद्या लहान एलईडी बल्बाइतके. तेवढी ऊब तो दिवसरात्र टाकत होता. त्याचा निळा दिवा सीटच्या बाजूला तोंड करून असल्याने वर्षभरात कोणाच्या नजरेस पडला नव्हता.

कारण कळायला मग वेळ लागला नाही. बाजारात मिळणाऱ्या म्युझिक सिस्टिमच्या वायरींचे रंग ठरलेले असतात: पिवळी सतत चालू, लाल किल्ली फिरवल्यावर चालू, काळी अर्थची (वीज बॅटरीकडे परत नेणारी), आणि निळी-पांढरी अ‍ॅम्प्लिफायरला ‘आता जागा हो’ असा निरोप देणारी. ज्याने अ‍ॅम्प्लिफायर बसवला त्याने ती निरोपाची तार निळ्या-पांढऱ्याऐवजी पिवळीला जोडली होती. म्युझिक सिस्टिम बंद झाली तरी अ‍ॅम्प्लिफायरला झोपण्याचा निरोप मिळतच नव्हता. ही चूक कुठल्याही घाईच्या फिटिंगमध्ये होऊ शकते. गाडी लगेच चालते, गाणी वाजतात, गिऱ्हाईक खूश होऊन जाते, आणि बिल बॅटरीच्या दुकानात फाटते.

पण मला अधिक काळजीची वाटली ती मामांनी न विचारता दाखवलेली दुसरी गोष्ट. त्या लाल केबलवर फ्यूज होता, मात्र तो अ‍ॅम्प्लिफायरच्या शेजारी, म्हणजे बॅटरीपासून दोन-अडीच मीटरवर. फ्यूज हा यंत्राच्या रक्षणासाठी नसून मुख्यतः तारेच्या रक्षणासाठी असतो, त्यामुळे तो बॅटरीपासून वीतभर अंतरावरच हवा. आमची केबल इंजिनाच्या खोलीतून आत येताना पत्र्याच्या उघड्या भोकातून, रबरी ग्रोमेटशिवाय, म्हणजे भोकाच्या कडेला बसवायच्या रबरी कड्याशिवाय, ओढलेली होती आणि तिथे तिचे आवरण चिरून तांबे दिसू लागले होते. पत्र्याला तांबे टेकले असते तर बॅटरीपासून त्या भोकापर्यंतच्या तारेला अडवणारे काहीच नव्हते. तार तापून लाल झाली असती. ज्या कोणी गाडीत बाहेरून स्पीकर, कॅमेरा, जादा दिवे किंवा जीपीएस बसवून घेतले असतील त्यांनी बोनेट उघडून निदान एवढे पाहावे: बॅटरीपासून निघणाऱ्या प्रत्येक जादा तारेवर जवळच फ्यूज आहे का, आणि ती पत्र्यातून जाताना रबरातून जाते का. मामांनी केबल बदलली, ग्रोमेट घातले, फ्यूज बॅटरीजवळ आणला, निरोपाची तार योग्य जागी सोल्डर करून तिच्यावर श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आकसून घट्ट बसणारी नळी, चढवली. परत अर्धा तास थांबून मोजले तर आकडा ०.०२२.

इथे दुसऱ्या एखाद्याने गाडी परत देऊन टाकली असती. मामांनी सेल्फ मारतानाचे दिवे विझण्याचे कारण शिल्लक आहे म्हणून दुसऱ्या दिवशी परत बोलावले, आणि त्या दिवशी मला जे कळले ते माझ्या दृष्टीने या सगळ्या अनुभवातले सर्वांत मोलाचे आहे. याआधीच्या एका ठिकाणी इंजिनाची अर्थ केबल ‘बीप’वर तपासली होती; मीटर वाजला म्हणजे केबल चांगली, असे मला सांगितले होते. मामांनीही आधी तसेच करून दाखवले आणि मीटर वाजला. मग त्यांनी मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खांबावर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवली आणि मला सेल्फ मारायला सांगितले. या दोन जागांमध्ये खरे तर जवळजवळ शून्य यायला हवे, आले १.४ व्होल्ट. सेल्फ दीडशेच्या आसपास अँपिअर ओढतो. त्या प्रवाहात १.४ व्होल्ट गमवायला ओहमचा शंभरावा हिस्सा एवढाच रोध पुरतो, आणि मीटरच्या स्वतःच्या तारांचाच रोध त्याहून कितीतरी जास्त असल्याने बीपवर किंवा ओहममध्ये तो कधीच दिसत नाही. तारेवर खरा भार टाकूनच तिची परीक्षा घ्यावी लागते. केबलमधल्या सत्तर धाग्यांपैकी दोन शिल्लक असले तरी बीप वाजतो, पण सेल्फ त्या दोन धाग्यांवर फिरत नाही.

केबलचे शेवट त्यांनी खोलले तेव्हा वहीतली दुसरी ओळ खरी ठरली. नाकाचे काम करताना अर्थचा बोल्ट काढला गेला होता आणि त्या जागेवर रंग फवारून सुकल्यावर केबलची रिंग त्या रंगावरच घट्ट केली होती. बोल्टच्या आट्यांमधून जेवढा धातूला धातू भिडत होता तेवढ्यावर दीड वर्ष काम चालले होते आणि तिथेही आता गंज धरला होता. मामांनी पॉलिश पेपरने रंग खरवडून पत्रा चकचकीत केला, रिंग साफ केली, बोल्ट आवळून वरून ग्रीसचा हात फिरवला. पुन्हा सेल्फ मारल्यावर १.४ च्या जागी ०.१५. साहित्याचा खर्च: एक पॉलिश पेपर. सेल्फचा आवाजच बदलला. इतका काळ आपण कण्हणे ऐकत होतो हे त्या क्षणी समजले.

मागच्या इंडिकेटरचा दोषही अर्थचाच निघाला. दिव्याच्या रबरी पट्टीतून पाणी झिरपून होल्डरच्या अर्थ पिनेवर हिरवट थर बसला होता, त्यामुळे ब्रेकच्या दिव्याची वीज परतीसाठी वाट न सापडून शेजारच्या इंडिकेटरच्या दिव्यातून वाट काढत होती. साफसफाई, नवी पट्टी, वीस मिनिटे.

आता दुकानाच्या उणिवा. पहिली म्हणजे वेळ. आमचा नंबर चार दिवसांनी लागला, फोन उचलला जात नाही, प्रत्यक्ष जाऊन वेळ घ्यावी लागते, आणि दिलेली वेळही तास-दोन तास पुढे सरकते. रुग्ण घरात असलेल्यांना हे अवघड आहे आणि मी ते मामांना बोलून दाखवले. बसायला लाकडी स्टुलाखेरीज काही नाही, पाऊस असला तर शेडच्या कडेने पाणी अंगावर येते. बिल हाताने लिहून मिळते. विम्याच्या दाव्याला ते चालेलच असे नाही. मागच्या दिव्याच्या एका जोडावर त्यांच्या मदतनीस मुलाने नुसती टेप गुंडाळली होती. आपल्याकडच्या पावसात टेपचा डिंक दोन महिन्यांत सुटतो, आणि आदल्याच दिवशी मामांनी मला तसे सांगितले होते. मी दाखवल्यावर त्यांनी कोणतीही कुरबूर न करता जोड उघडून स्लीव्ह घातली. पण मी पाहिले नसते तर तो तसाच राहिला असता, ही गोष्ट लिहिणे भाग आहे.

काही कामे ते घेतच नाहीत, आणि याला मी उणीव मानत नाही. पिवळ्या आवरणातल्या एअरबॅगच्या तारांना आणि हायब्रीड किंवा इलेक्ट्रिक गाड्यांतल्या नारिंगी रंगाच्या उच्च दाबाच्या केबलना ते हात लावत नाहीत, आणि नवे मॉड्यूल गाडीला जोडून देण्याचे कामही कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे पाठवतात. माझ्यासमोर एका गृहस्थांना त्यांनी एअरबॅगच्या दिव्यासाठी असेच परत पाठवले. तसेच गाडीच्या कंप्युटरकडे जाणाऱ्या बारीक तारांवर त्यांचा जुना बल्बवाला टेस्टर ते कधीही टेकवत नाहीत, कारण त्या बल्बाने ओढलेला प्रवाह आतल्या नाजूक भागाला सोसवत नाही. तिथे फक्त मीटर.

एकूण बिल १,७१० रुपये झाले: तपासणीचे ५००, दुरुस्तीच्या मजुरीचे ९००, साहित्याचे ३१०. तपासणीचे ५०० रुपये ते आधीच सांगतात आणि दोष सापडला नाही तर ते घेत नाहीत. माझ्या शेजारी बसलेल्या एकाने ‘नुसतं बघायचे पाचशे?’ असे म्हणून गाडी वळवून नेली. मला त्या माणसाला थांबवावेसे वाटले. आमच्या गाडीत बदललेला सर्वांत महाग भाग ही तीन मीटर केबल होती. पैसे खरे तर शोधाचे होते, आणि शोधाचे पैसे द्यायला आपण तयार नसतो म्हणूनच अनेक ठिकाणी शोध न घेता भाग बदलून दिले जातात. आम्हीही त्याआधी, न मोजता, चार हजारांची बॅटरी एका शब्दावर घेतली होती.

गाडी नेताना दोष कधी, कसा, कोणत्या हवामानात दिसतो हे चार ओळींत लिहून न्यावे, आणि बाहेरून बसवलेल्या प्रत्येक वस्तूची यादी द्यावी, अगदी पाचशे रुपयांच्या मोबाइल चार्जरचीसुद्धा. मामा ती वाचतात. गाडी दुकानात आणण्याआधी बॅटरीचे टर्मिनल आपण होऊन सोडवू नये, कारण त्याने काही कोड पुसले जातात आणि शोधाचा धागा तुटतो.

गेल्या मे महिन्यात सासरे दिरांकडे मिरजेला होते, तेव्हा गाडी सलग अकरा दिवस पार्किंगमध्ये उभी होती. परतल्यावर मी स्वतः घेतलेल्या साध्या मल्टिमीटरने, सेल्फ मारण्याआधी, खांबांवर पिना टेकवल्या: १२.४४ व्होल्ट. अ‍ॅम्प्लिफायर थंडगार होता. ब्लोअर मात्र अलीकडे फक्त चौथ्या वेगावर चालतो, पहिल्या तीन वेगांवर हवाच येत नाही. मामांनी ऐकूनच रेझिस्टर, म्हणजे कमी वेगांसाठी वीज अडवणारा भाग, गेला असावा असे म्हटले, कारण चौथ्या वेगाला वीज त्याला वगळून सरळ मोटारला जाते; तरी नवा घेऊन येऊ का असे विचारल्यावर त्यांनी नकार दिला आणि शनिवारी सकाळी साडेनऊला गाडी घेऊन या, आधी मोजू, एवढेच सांगितले.